खांबाला सावली नाही

रात्री व्हँकुव्हरहून तक्रार आली:
सीन सात. खांबाला सावली नाही. दुरुस्त करा.
सोबत फोटो, त्यावर लाल गोल.

खांब माझाच आहे.
अशोक चौकामागच्या बोळातला,
वर तीन तारा आणि एका पतंगाचा सांगाडा.
तीन दिवस मी त्याला नुसता गंज चढवत होते.

खाली माग चालतात.
टेबल थरथरतं, माऊसचा बाण आपला आपण सरकतो,
आणि मी ऊन लावत बसते.
लोकांना वाटतं, चित्रं काढते.
चित्रं दुसरे काढतात, रंगही दुसरेच भरतात.
माझ्याकडे भिंत येते
तेव्हा तिला अजून सकाळ माहीत नसते.

नान्ना चादरींच्या नक्षीचे ग्राफ भरायचे.
एक चौकोन भरलेला, एक कोरा, दोन भरलेले,
आणि दोनच रंगांच्या सुतात
मोराच्या मानेला गोलाई यायची.
लांबून बघावं तर उतरत गेलेली सावली,
जवळ जावं तर ठिपके,
रांग मोडून पांगलेल्या मुंग्यांसारखे.
माझ्याकडे एक कोटी साठ लाख रंग आहेत म्हटल्यावर
म्हणाले, "एवढं सूत?
मग भिंत मेल्यासारखी का दिसायली?"

समोरच्या गच्चीवर लाल चादर वाळत होती.
त्यांनी बोट दाखवलं ते चादरीकडे नाही,
शेजारच्या चुन्याच्या भिंतीकडे.
हातभर चुना गुलाबी झाला होता.
"ऊन एका जागी बसत नाही गं.
इकडून उसनं घेतंय, तिकडं देतंय."

त्या रात्री मी उजेडाला उसळायला लावलं.
एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा यंत्राचा पंखा किंचाळला.
मग सीन रात्रभर भाजायला ठेवला
(धंद्यातला शब्दच आहे हा)
तर अम्मा म्हणाली, भाकरी तरी वेळेत होते.

अम्मा विड्या वळते.
मांडीवर सूप, आणि सूप लुगड्याला टेकतं तिथं
एक बारीक काळी रेघ.
कुठल्याच दिव्याची नाही ती.
पण ती पुसली तर सूप तरंगायला लागेल,
तंबाखूचं वजन जाईल,
अम्माचंही.
ती रेघ मी प्रत्येक कोपऱ्यात भरते,
दाराखाली, मडक्याखाली, झोपलेल्या कुत्र्याखाली.

पण खांब.
सकाळभर मी आकडे तपासले.
अक्षांश सोलापूरचे. महिना मे.
सूर्याला मी आजचीच तारीख दिली होती,
सवयीनं. वेळ बारा बावीस.
चूक सापडेना.
नान्नांनी घड्याळाकडे पाहिलं. "वर चल," म्हणाले.

गच्ची तापलेली. चपलेतून चटका.
टाकी, झाडू, डिशचा दांडा,
शेजारच्या यमूलांची उभी करून ठेवलेली शिडी,
कुणालाच सावली नव्हती.
सगळं जग उचलून नुसतं ठेवल्यासारखं,
टेकवायचं राहिल्यासारखं.
हे मी पाठवलं असतं
तर माझीच नोकरी गेली असती.

"गिरणीत आम्ही म्हणायचो,
खांबानं आज नीडा गिळली."
घरात सावलीला आम्ही नीडा म्हणतो.
शाळेत मराठीच्या बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं,
नीड म्हणजे घरटं.
मी कित्येक वर्षं ते दोन्ही एकच समजत होते.
नान्नांची नीडा
त्यांच्या चपलांखाली बसली होती, अंग चोरून.

मी कळवलं: सावली आहे. घरी गेली आहे.
मग ते खोडून अक्षांश, तारीख, गणित लिहिलं.
उत्तर आलं: छान माहिती.
पण खेळणाऱ्यांना पटणार नाही.

म्हणून सूर्य ओढला पश्चिमेला.
उजेडात थोडी हळद, धुळीला थोडी चमक.
खांबाची सावली बोळातून लांबत गेली,
दोन उंबरे ओलांडून
एका बंद शटरवर उभी चढली.
खोटी, आणि बघत राहावी अशी.

नान्ना जेवून आडवे झाले होते.
उठून पाणी प्यायला आत आले, 
पडद्याकडे बघितलं,
आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले,
"चार वाजले की. चहा टाक."